लहान विमानें आणि अटलांटिक महासागर

मिरजेच्या स्टेशनाची ख्याति एके काळीं एका विलक्षण गोष्टीसाठीं होती. तेथें तीन निरनिराळ्या मापांचे रूळ एकत्र येत असत. १९७१ सालीं पुण्याकडील मार्ग रुंद झाला. लोंढ्याकडील मार्ग त्यानंतरहि बरींच वर्षें मीटर मापाचाच राहिला. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाईट रेल्वेची गाडी अडीच फुटी रुळांवरून धांवत होती. ह्या तिसऱ्या गाडीचा आकार आणि वेग पाहून हंसूं येणें स्वाभाविक होतें. परंतु एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनियरानें ती बांधतांना जो हिशेब केला होता, तो थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. एका आंसावर पांच टनांपेक्षां अधिक वजन पडूं द्यावयाचें नाहीं, असा त्याचा नियम होता. वजन कमी म्हणून रूळ हलके. रूळ हलके म्हणून बांधकाम स्वस्त. आणि बांधकाम स्वस्त म्हणून, ज्या मुलखांत रुंद रुळांचा खर्च कधींच निघाला नसता, तेथेंहि गाडी गेली. १८९७ सालीं सुरू झालेली ही लाईन १९२७ सालीं मिरजेपर्यंत येऊन पोंचली, आणि कोल्हापुराकडील वारकऱ्यास मिरजेस गाडी बदलून पंढरीस जाण्याची सोय झाली.

त्याच १९२७ सालच्या मे महिन्यांत चार्लस लिंडबर्ग हा अमेरिकन वैमानिक एकट्यानें, एकाच इंजिनाच्या विमानांतून, न्यूयॉर्कहून पॅरिसला साडेतेहतीस तासांत जाऊन पोंचला. ह्या दोन घटनांचा परस्परांशीं कसलाहि संबंध नाहीं. परंतु बार्शी लाईटनें जो हिशेब सोलापूर जिल्ह्याच्या माळावर मांडला, तोच हिशेब आज विमान कंपन्या अटलांटिक महासागरावर मांडूं लागल्या आहेत. जें विमान मुंबईहून दिल्लीस किंवा बंगळूरास जातांना नेहमीं पाहण्यांत येतें, ज्यांत मधून एकच वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंस तीन तीन खुर्च्या असतात, त्याच घडणीचें विमान आतां माद्रिदहून बोस्टनला आणि डब्लिनहून नॅशव्हिलला जातें.

सांगली-मिरजेकडील ज्या घरांतील मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, त्या घरांतील वडील मंडळींच्या तिकिटावर अशा विमानाचें नांव आलें म्हणजे त्यांच्या मनांत दोन शंका उभ्या राहतात. एवढेंसें विमान समुद्र ओलांडील काय, ही पहिली. आणि कंपनीनें आपले पैसे वांचविण्यासाठीं उतारूंच्या जिवाशीं खेळ मांडला आहे काय, ही दुसरी. दोन्ही शंका वाजवी आहेत. पहिलीचें उत्तर मात्र बरेंच सरळ आहे, दुसरीचें थोडें गुंतागुंतीचें.

प्रथम अरुंद विमान म्हणजे काय तें पाहूं. एअरबस कंपनीच्या ए-३२१ ह्या विमानाचें धड बाहेरून ३.९५ मीटर रुंद आहे. त्यांत एका ओळींत सहा खुर्च्या बसतात. रुंद धडाच्या विमानांत दोन वाटा आणि एका ओळींत सातपासून दहापर्यंत खुर्च्या असतात. हीं रुंद विमानें आज इतकीं अंगवळणीं पडलीं आहेत, कीं दूरचा प्रवास त्यांतूनच व्हावा असें वाटूं लागलें आहे. वास्तविक पहिलें रुंद विमान, बोइंग ७४७, हें १९७० सालच्या जानेवारींत उतारू घेऊन न्यूयॉर्कहून लंडनला गेलें. त्यापूर्वीं समुद्र ओलांडणारें प्रत्येक विमान अरुंदच होतें. एअर इंडियानें ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गें लंडनला पहिलें विमान नेलें तें चार पंख्यांचें कॉन्स्टेलेशन होतें. १४ मे १९६० रोजीं त्याच कंपनीनें न्यूयॉर्कची वाट धरली ती बोइंग ७०७ घेऊन. ह्या ७०७ चें धड ३.७६ मीटर, म्हणजे आजच्या ए-३२१ पेक्षांहि वीतभर अरुंद होतें. १९६५ सालीं अमेरिकेनें परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलल्यानंतर जे मराठी डॉक्टर आणि इंजिनियर तिकडे गेले, त्यांच्या पहिल्या फळीच्या काळीं मुंबई-न्यूयॉर्क मार्गावर हींच विमानें होतीं. १९७१ सालीं एअर इंडियाचें पहिलें ७४७ मुंबईस आलें, आणि लोक ७०७ ला विसरले. तेव्हां अरुंद धड ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. नवें आहे तें इतकेंच, कीं ७०७ ला चार इंजिनें होतीं आणि ह्या विमानास दोन आहेत.

दुसरी एक समजूत नकाशानें करून दिलेली आहे. भिंतीवरील नकाशावर अटलांटिक महासागर अफाट दिसतो. मुंबईहून लंडनला जाणारा मार्ग मात्र जमिनीच्या कडेकडेनें गेल्यासारखा वाटतो, म्हणून तो जवळचा भासतो. प्रत्यक्ष अंतरें निराळीं आहेत. मुंबई ते लंडन सुमारें ७,२०० किलोमीटर भरतें, तर लंडन ते न्यूयॉर्क सुमारें ५,५५० च. डब्लिनहून बोस्टन ४,८०० किलोमीटरांच्या आसपास येतें. आयर्लंडचा पश्चिम किनारा आणि कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाचा पूर्व किनारा ह्यांच्यामध्यें तर तीन हजारांच्या आसपासच किलोमीटर पाणी आहे. अल्कॉक आणि ब्राउन ह्या दोघांनीं १९१९ च्या जूनमध्यें महायुद्धांतील एक बाँबफेकें विमान घेऊन तें सोळा तासांत ओलांडलें, आणि आयर्लंडांत क्लिफ्डन येथें हिरवळ समजून एका दलदलींत विमान उतरविलें. नाकावर आपटून तें थांबलें. माणसें मात्र सुखरूप राहिलीं.

आतां दोन इंजिनांचा प्रश्न. १९५३ सालच्या अमेरिकन नियमाप्रमाणें दोन इंजिनांच्या विमानानें कोठल्याहि क्षणीं विमानतळापासून साठ मिनिटांपेक्षां अधिक दूर असतां कामा नये, असें बंधन होतें. हीं साठ मिनिटें एका इंजिनावर उडण्याचीं. एक इंजिन बंद पडलें तर दुसऱ्यावर तासाभरांत जमीन गांठतां आली पाहिजे, हा त्यांतील हेतु. त्या काळच्या धडाडत्या पिस्टन इंजिनांचा भरंवसा पाहतां हा नियम शहाणपणाचाच होता. जेट इंजिन आलें आणि हा भरंवसा हळूहळू वाढला. १९८५ सालीं १२० मिनिटांचा परवाना मिळाला, आणि टीडब्ल्यूए कंपनीचें दोन इंजिनांचें बोइंग ७६७ बोस्टनहून पॅरिसला गेलें. १९८८ सालीं १८० मिनिटांची मुभा आली. ही मुभा मागणाऱ्यास मोबदल्यांत बरेंच कांहीं सिद्ध करावें लागतें. तिच्यासाठीं ठरविलेलें प्रमाण असें आहे, कीं त्या जातीचें इंजिन हवेंत बंद पडण्याचा प्रसंग सरासरीनें पन्नास हजार तासांत एकापेक्षां अधिक येऊं नये. पन्नास हजार तास म्हणजे रात्रंदिवस अखंड चालविल्यास साडेपांच वर्षांहून अधिक काळ होतो. शिवाय कंपनीची देखभाल, वैमानिकांचें शिक्षण, आग विझविण्याचें साधन आणि वाटेंतील विमानतळांचें हवामान ह्या सर्वांची तपासणी त्यांत येते. उत्तर अटलांटिकच्या वाटेवर असे विमानतळ विखुरलेले आहेत: आयर्लंडांत शॅनन, आइसलंडांत केफ्लाविक, न्यूफाउंडलंडांत गँडर, लाब्राडोरांत गूझ बे, आणि दक्षिणेस अझोर्स बेटांत लाजेस.

आज समुद्र ओलांडणारीं बहुतेक रुंद विमानेंहि दोनच इंजिनांचीं आहेत. म्हणून सुरक्षिततेच्या दृष्टीनें धड रुंद कीं अरुंद हा प्रश्न जवळजवळ गैरलागू ठरतो. २४ ऑगस्ट २००१ रोजीं टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅट कंपनीच्या विमानांतील इंधन गळून गेलें, आणि दोन्ही इंजिनें एकामागून एक बंद पडलीं. तें विमान रुंद धडाचें, ए-३३० होतें. वैमानिकांनीं तें सुमारें एकोणीस मिनिटें इंजिनावांचून तरंगत नेऊन लाजेस येथें उतरविलें, आणि आंतील ३०६ माणसें वांचलीं. तीं वांचलीं तीं वाटेंत विमानतळ होता म्हणून आणि वैमानिक हुशार होते म्हणून. धडाच्या रुंदीचा त्यांत कांहीं वांटा नव्हता.

लहान विमानाची खरी अडचण दुसरीच आहे, आणि ती वाऱ्याची. उत्तर अटलांटिकवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक प्रवाह वाहतो. हिवाळ्यांत त्याचा जोर वाढतो. अमेरिकेहून युरोपास येणाऱ्या विमानास तो पाठीशीं मिळतो, जाणाऱ्यास तोंडावर. समजा, विमानाचा स्वतःचा वेग ताशीं ८३० किलोमीटर आहे आणि वाट ५,५०० किलोमीटरांची आहे. वारा नसतां तें सहा तास अडतीस मिनिटांत पोंचेल. ताशीं शंभर किलोमीटरांचा वारा पाठीशीं असेल तर सहा तासांच्या आंत; तोच तोंडावर असेल तर साडेसात तास; आणि वारा ताशीं एकशें ऐंशींचा झाला तर साडेआठ तासांच्या जवळपास. अंतर तेंच, इंधन मात्र दोन तासांचें अधिक. मोठ्या विमानाच्या टाक्यांत एवढी शिल्लक सहज असते. लहान विमान आपल्या मर्यादेच्या कडेवर उडत असतें, त्यामुळें त्याला हे दोन तास झोंबतात.

बरें, इंधन अधिक भरावें म्हटलें तर तें फुकट वाहून नेतां येत नाहीं. विमानाचें इंधन म्हणजे एक प्रकारचें शुद्ध केलेलें रॉकेलच. त्याचें वजन लिटरास सुमारें ८०० ग्रॅम. दूर जावयाचें तर अधिक इंधन, अधिक इंधन म्हणजे अधिक वजन, आणि तें अधिक वजन उचलण्यासाठीं आणखी इंधन. त्यांतच प्रत्येक विमानास उड्डाणाच्या वेळचें कमाल वजन ठरवून दिलेलें असतें. तें ओलांडतां येत नाहीं. मग उरतो एकच उपाय: माणसें किंवा त्यांचें सामान कमी करणें. २०१९ च्या सप्टेंबरांत दिल्लीहून इस्तंबूलला गेलेल्या इंडिगो कंपनीच्या एका विमानानें भार कमी करण्यासाठीं उतारूंच्या पेट्या दिल्लीसच ठेवल्या, आणि इस्तंबूलला उतरलेलीं माणसें सामानाच्या पट्ट्यापाशीं रिकाम्या हातानें उभीं राहिलीं. विमान सुरक्षितच होतें. किंबहुना तें सुरक्षित रहावें म्हणूनच पेट्या मागें राहिल्या होत्या. पण हें समाधान ज्याच्या पेटींत औषधें होतीं त्यास कितपत पुरलें असेल, हा प्रश्न आहेच.

मग एवढ्या अडचणी असतां कंपन्या हें विमान कां नेतात? येथें बार्शी लाईटचा हिशेब उपयोगी पडतो. विमानाचा खर्च दोन तऱ्हांनीं मोजतात: एक दर खुर्चीचा, दुसरा दर फेरीचा. तीनशें खुर्च्यांचें विमान पूर्ण भरलें तर दर खुर्चीचा खर्च सहसा कमी पडतो. परंतु तें भरलें पाहिजे. एखाद्या मध्यम शहरांतून समुद्रापार जाणारीं माणसें दिवसाला दीडशेंच असतील, तर तीनशें खुर्च्यांचें विमान अर्धें रिकामें जाणार आणि त्याच्या फेरीचा सगळा खर्च त्या दीडशें जणांच्या माथीं बसणार. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा तो प्रकार. एकशें ऐंशीं खुर्च्यांचें विमान त्याच दीडशें माणसांनीं जवळजवळ भरतें. इंधन कमी, विमानतळाची पट्टी कमी, चाकर मंडळी कमी. म्हणून ज्या दोन शहरांच्यामध्यें थेट विमान कधींच परवडलें नसतें, त्यांच्यामध्यें तें परवडूं लागतें. लंडन आणि न्यूयॉर्क ह्यांना ह्या विमानाची फारशी गरज नाहीं. गरज आहे ती नॅशव्हिलला, इंडियानापोलिसला.

ही कल्पना एका दिवसांत फळाला आली नाहीं. बोइंग ७५७ हें अरुंद विमान मुळांत अमेरिकेंतल्या अमेरिकेंत उडण्यासाठीं केलेलें. परंतु त्याचे पंख मोठे आणि इंजिनें दांडगीं असल्यामुळें काँटिनेंटल कंपनीनें तें न्यूयॉर्कजवळील न्यूअर्कहून युरोपांतील लहानसहान शहरांस धाडण्यास सुरुवात केली. योजना चांगली चालली, पण वाऱ्यानें आपला हिसका दाखविलाच. काँटिनेंटल ज्या युनायटेड कंपनींत विलीन झाली, तिच्या ७५७ विमानांना २०११ च्या डिसेंबरांत पश्चिमेकडे येतांना चाळीसांहून अधिक वेळां मध्येंच इंधनासाठीं उतरावें लागलें. त्या महिन्यांत अशा फेऱ्या सुमारें अकराशें झाल्या होत्या, म्हणजे पंचवीस फेऱ्यांत एक. ज्या गँडरला १९५० च्या सुमारास पंख्यांचीं विमानें इंधन घेत, तेथेंच हीं जेट विमानें पुनः उतरूं लागलीं. ७५७ चें उत्पादन २००४ सालींच बंद झालें होतें, त्यामुळें सुधारलेलें ७५७ हा उपायहि राहिला नव्हता.

ब्रिटिश एअरवेजचा प्रयोग तर खरोखरच ऐषारामी होता. लंडन शहराच्या अगदीं पोटांत एक आंखूड धावपट्टीचा विमानतळ आहे. तेथून २९ सप्टेंबर २००९ पासून ए-३१८ हें ए-३२१ चें सर्वांत धाकटें भावंड न्यूयॉर्कला जाऊं लागलें. आंत अवघ्या बत्तीस खुर्च्या, त्याहि झोंपतां येईल अशा. पूर्ण इंधन घेऊन त्या धावपट्टीवरून उठतां येत नसे, म्हणून जातांना विमान शॅननला थांबे. ह्या थांब्याचाहि कंपनीनें उपयोग करून घेतला: अमेरिकन अधिकारी शॅननलाच उतारूंचीं पारपत्रें तपासत, त्यामुळें न्यूयॉर्कला रांगेंत उभें राहण्याचें कारण उरत नसे. पेढीवाल्यांना हें फार मानवलें. २०२० च्या साथींत ही फेरी थांबली ती कायमचीच. उलट टोंक गांठलें नॉर्वेजियन कंपनीनें. तिनें २०१७ सालीं बोइंग ७३७ मॅक्स घेऊन एडिंबरो, शॅनन, कॉर्क अशा ठिकाणांहून अमेरिकेंतील आडवळणीं विमानतळांस अतिशय स्वस्त फेऱ्या सुरू केल्या. दोन वर्षांत तो कारभार आटोपला. २०१९ च्या मार्चमध्यें दोन भीषण अपघातांनंतर मॅक्स जातीचीं सर्व विमानें जगभर जमिनीवर ठेवण्यांत आलीं, आणि ह्या मार्गावर कंपनीला पैसाहि सुटत नव्हता. तिकीट स्वस्त करणें सोपें; हिवाळ्यांतल्या रिकाम्या खुर्च्या भरणें कठीण.

ह्या सर्वांनंतर ए-३२१ च्या दीर्घ पल्ल्याच्या आवृत्त्या आल्या. पैकीं पहिली घेऊन जेटब्लू कंपनीनें ११ ऑगस्ट २०२१ रोजीं न्यूयॉर्क-लंडन फेरी सुरू केली. दुसरी आवृत्ति, जिला एक्सएलआर म्हणतात, ती आयबेरिया ह्या स्पॅनिश कंपनीनें प्रथम घेतली आणि १४ नोव्हेंबर २०२४ रोजीं माद्रिदहून बोस्टनला नेली. त्यांत १८२ खुर्च्या आहेत. एअर लिंगस ह्या आयरिश कंपनीनें २०२५ च्या वसंतांत त्याच विमानानें डब्लिन-नॅशव्हिल व डब्लिन-इंडियानापोलिस ह्या फेऱ्या सुरू केल्या. विमानाचें कमाल वजन १०१ टन आणि पल्ला, कारखानदाराच्या आंकड्याप्रमाणें, ८,७०० किलोमीटर.

एवढा पल्ला आला कोठून? मुख्यतः एका नव्या टाकींतून. मागच्या चाकांच्या पाठीमागें, उतारूंच्या पायांखालीं, धडाच्या सांगाड्यांतच १२,९०० लिटरांची एक टाकी बांधली आहे. त्या एका टाकींतील इंधनाचें वजन दहा टनांवर जातें. सामानसुमान धरून माणशीं शंभर किलो मानले तर तें शंभर माणसांइतकें झालें. दुसऱ्या शंकेचा विचार करावयाचा तो येथें. विमान पोटावर घसरत उतरलें किंवा खालीं आग लागली, तर ही टाकी धोक्याची ठरणार नाहीं काय, असा प्रश्न युरोपांतील विमानखात्यानें स्वतःच काढला, आणि प्रतिस्पर्धी बोइंग कंपनीनें २०२१ सालीं तोच आक्षेप लेखी नोंदविला. बोइंगचा हेतु निव्वळ परोपकाराचा होता असें मानण्याचें कारण नाहीं. पण स्पर्धकाच्या मत्सरांतूनहि कधीं कधीं लोकांचें भलें होतें. खात्यानें टाकीसाठीं खास अटी घातल्या, एअरबसला सांगाडा अधिक मजबूत करावा लागला, त्यामुळें विमानाचें वजन वाढलें, आणि २०२३ सालीं येणारें विमान २०२४ च्या जुलैमध्यें मंजूर झालें. पैसे वांचविण्याचा कंपन्यांचा हेतु खराच आहे. परंतु तो ज्या चाळणींतून गाळला जातो ती चाळणी ह्या प्रकरणांत तरी शाबूत असल्याचें दिसलें.

सुखसोयीच्या बाबतींत मात्र उतारूस थोडें सोसावें लागतें. आठ तासांच्या प्रवासांत वाट एकच. जेवणाची गाडी त्या वाटेवर आली कीं मागच्या माणसाला स्वच्छतागृहाकडे जातां येत नाहीं, आणि गाडी गेली कीं सगळेच एकदम उठतात. हवेचीहि एक गोष्ट आहे. धातूच्या धडाच्या विमानांत आंतली हवा आठ हजार फूट उंचीइतकी विरळ होऊं शकते, म्हणजे उटकमंडाहून किंचित अधिक. बोइंग ७८७ सारख्या नव्या रुंद विमानांत ती सहा हजार फुटांच्या आंत ठेवतात. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या माणसानें हा फरक निघण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांच्या कानांवर घातलेला बरा. आणि पायांस सूज येणाऱ्यांनीं वाटेकडची खुर्ची मागून घ्यावी. गंमत अशी, कीं खुर्चीची रुंदी मात्र ह्याच लहान विमानांत अधिक. ए-३२१ मध्यें ती सुमारें अठरा इंच असते; ७८७ मध्यें एका ओळींत नऊ खुर्च्या कोंबल्यावर ती सतरा इंचांवर येते.

मिरजेहून निघणाऱ्या माणसाच्या प्रवासांत ह्या सर्वांनीं नेमका काय फरक पडतो? मुंबईहून न्यूयॉर्क सुमारें १२,५०० किलोमीटर आहे. एक्सएलआरचा कागदावरचा पल्लाहि तेथें साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर कमी पडतो. तेव्हां मुंबईहून थेट अमेरिकेस अरुंद विमान जाण्याचा संभव नाहीं. २००७ सालीं एअर इंडियानें मुंबई-न्यूयॉर्क अखंड फेरी सुरू केली, तीहि बोइंग ७७७ ह्या रुंद विमानानेंच. इंडिगो कंपनीनें २०२५ सालीं एक्सएलआरसाठीं मुंबईहून जें पहिलें ठिकाण जाहीर केलें तें अथेन्स, सुमारें ५,२०० किलोमीटरांवरचें. म्हणजे मुंबईकडून हें विमान युरोपच्या उंबऱ्याशीं चांगलें पोंचतें, आणि युरोपच्या पश्चिम टोंकाकडून अमेरिकेच्या पूर्व भागांत चांगलें पोंचतें. सबंध वाट एका दमांत तोडणें त्याच्या आवांक्याबाहेरचें आहे.

फायदा आहे तो गाडी बदलण्याच्या संख्येंत. नॅशव्हिलला मुलगा असलेल्या जोडप्यास पूर्वीं मुंबईहून युरोपांत कोठें तरी, तेथून न्यूयॉर्क किंवा शिकागो, आणि तेथून नॅशव्हिल अशीं तीन विमानें घ्यावीं लागत. त्यांतील मधला टप्पा सर्वांत त्रासाचा. न्यूयॉर्कला पारपत्राची रांग, तेथेंच पेट्या उचलून पुनः देणें, आणि इंग्रजीचे अमेरिकन उच्चार. युरोपांतून थेट नॅशव्हिल झालें म्हणजे हा टप्पा गळतो. डब्लिनची वाट घेतल्यास अमेरिकन अधिकारी तेथेंच पारपत्र तपासतात, त्यामुळें नॅशव्हिलला उतरणारा माणूस तडक पेट्या घेऊन मुलाच्या मोटारींत बसूं शकतो. साठी-सत्तरी उलटलेल्या माणसास ही सोय विमानाच्या रुंदीपेक्षां मोलाची वाटेल. मधल्या देशाचा परवाना लागतो कीं काय, हें मात्र तिकीट काढण्यापूर्वीं विचारून घ्यावें. आणि सर्व टप्प्यांचें तिकीट एकच असावें, म्हणजे एक विमान चुकल्यास पुढच्याची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते.

सामानाचें काय, हा प्रश्न मिरजेस तरी विसरतां येणार नाहीं. येथल्या सतारी आणि तंबोरे परदेशीं जातात. २०२४ सालीं त्यांना भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळलेलें फळच, आणि तें धक्का सोसत नाहीं. लहान विमानाचा सामानाचा कप्पा बसका असतो, आणि त्यांतील बरीचशी जागा एक्सएलआरमध्यें त्या नव्या टाकीनें घेतली आहे. वजनाची अडचण आली कीं प्रथम मागें राहतें तें व्यापारी सामान, त्यानंतर उतारूंचें. वाद्य पाठविणाऱ्यानें युरोपपर्यंत आणि तेथून पुढें कोणत्या जातीचें विमान आहे हें आधींच विचारावें, शक्य तर तें वाद्य रुंद विमानाच्या मार्गानें धाडावें, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने टाळावे. माणसांनींहि त्या तीन महिन्यांत पश्चिमेकडे जातांना औषधें आणि एक दिवसाचे कपडे हातांतल्या पिशवींत ठेवावे, व ह्या विमानानंतर आणखी एखादें विमान गांठावयाचें असेल तर मध्यें तीन तासांपेक्षां कमी अवकाश ठेवूं नये.